शून्य आधी झिजतं

२०२२ साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा. शाळेच्या ओसरीत गुडघे टेकून मी विसातल्या शून्याला शेवटचा हात देत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "मामा, तुमची रेघ चुकलीय."

मी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मागं वळून बघितलं नाही. माझ्या कामाला चुकलं म्हणणारा माणूस पाथरी तालुक्यात झाला नव्हता. निदान तोंडावर म्हणणारा तरी.

"कुठं चुकली?"

"दोन ठिकाणी. एक तर शून्य नाही. आणि आकड्यांमधलं अंतर सारखं नाही."

या वैशाली मॅडम. पहिली-दुसरीला शिकवायच्या. परभणीहून एसटीनं फाट्यावर उतरायच्या आणि तिथून वाडीपर्यंत पायी यायच्या. वयानं माझ्या धाकट्या सुनेएवढ्या.

मी म्हणालो, "मॅडम, मी पेंटर हाय. अंतर काय असतं ते मला सांगू नका."

आधी माझ्या धंद्याचं सांगतो, म्हणजे मला राग का आला ते कळेल. माझं शिक्षण तिसरी. चौथीच्या वर्गात काही दिवस बसलो, पण ते शिक्षणात धरू नये. परभणीला एका उस्तादाच्या हाताखाली पाट्या रंगवायला शिकलो. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पुढाऱ्यांच्या भिंती. मी लिहितो म्हणजे अक्षर काढतो, मजकूर दुसऱ्याचा असतो. आज पहिल्यांदा मजकूरही माझा आहे. उस्ताद म्हणायचा, "अक्षर कुणीबी काढतं बेटा, मधली जागा काढायला अक्कल लागती." आमच्या कामात मधली जागा फूटपट्टीनं मोजत नाहीत, डोळ्यानं तोलतात. बारीक अक्षराला कमी जागा, रुंद अक्षराला जास्त. तरच पाटी लांबून देखणी दिसते.

फ्लेक्स आले आणि आमचा धंदा बसला. राहिलं ते शाळांचं काम. भिंतीवर बाराखडी, खांबांवर पाढे, खिडक्यांवर फळं-फुलं. या शाळेत ओसरीच्या फरशीवर एक ते वीस आकड्यांची रेघ काढायची होती. मी ती पाटीसारखीच काढली. एक ते नऊ जवळजवळ. दहापासून आकडे दुहेरी, रुंद, म्हणून त्यांना मोकळी जागा. लांबून बघा, देखणी होती. मी आजही तिला चूक म्हणणार नाही. पाटी म्हणून ती बरोबर होती.

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी वर्गात हाक मारली, "गोदा, इकडं ये."

एक पोरगी आली. पहिलीतली, सगळ्यात बारकी. फ्रॉकच्या खिशात हात घालून उभी राहिली. मॅडमनी तिला आठावर उभं केलं.

"आठ अधिक चार. मार उड्या."

पोरीनं दोन्ही पाय जुळवून उडी मारली. नऊ. दुसरी मारली, दहाच्या अलीकडंच पडली. तिसरी, चौथी. थांबली तेव्हा पाय अकराच्या अलीकडं, कुठंच नाही.

"किती आलं?"

गोदानं खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "मॅडम, मी मधीच हाय."

सगळी लेकरं खिदळली. मी डबे उचलले आणि घरी गेलो.

घरी बायको म्हणाली, "एवढ्या लवकर आलाव?"

"मॅडमला पेंटिंगमधलं काही कळत न्हाई."

"अन् तुमाला शाळेतलं कळतंय व्हय?" असं म्हणून ती चुलीकडं गेली.

सकाळी मी परत शाळेत गेलो. मॅडमसाठी नाही. खालच्या कोपऱ्यात माझं नाव होतं म्हणून. चिंधीला थिनर लावून रंग खरवडायला बसलो. मॅडम शेजारी येऊन बसल्या, साडीचा पदर खोचून त्यांनीही एक चिंधी घेतली. पुसता पुसता त्यांनी मला संख्यारेषा समजावली. माझ्यासारख्यांसाठी इथं सांगतो.

संख्यारेषा म्हणजे एक सरळ रेघ. तिच्यावर सारख्या अंतरावर खुणा, खुणेपाशी आकडा. पाच अधिक तीन करायचं तर लेकरू पाचावर उभं राहतं, पुढं तीन उड्या मारतं, आणि पाय टेकले तिथला आकडा वाचतं. वजा करायचं तर मागं उड्या. अंतर सारखं नसेल तर उडीला अर्थ राहत नाही. पाटी डोळ्यांसाठी असते, ही रेघ पायांसाठी.

"ते ठीक हाय," मी म्हणालो. "पण शून्य कशाला? काहीच न्हाई ते कशाला रंगवायचं?"

"काहीच नाही म्हणजे अजून निघालो नाही. मामा, तुम्ही घरून निघता तेव्हा पहिलं पाऊल कुठं पडतं?"

"उंबऱ्याबाहेर."

"मग उंबरा म्हणजे शून्य."

मला हे पटलं, पण मी तसं बोललो नाही. "मग ते वर्गाच्या दारासमोर टाकावं लागंल," एवढंच म्हणालो.

अंतर किती ठेवायचं यावर परत जुंपली. मॅडम म्हणाल्या दीड फूट. मी म्हणालो, त्या बारकीची उडी दीड फूट जाते का ते बघा. गोदाला बोलावलं. बादलीत पाय बुडवून कोरड्या फरशीवर तिला उड्या मारायला लावल्या. ओले ठसे उठले. मी ते टेपनं मोजले आणि मधलं माप धरलं. मोठ्या लेकराला उडी आखडती घेता येते, लहानाला लांबवता येत नाही. मॅडम म्हणाल्या, "चालेल." भांडण मिटलं.

मग सुताला नीळ लावली. दोन्ही टोकं ताणून धरायची आणि मधून उचलून सोडायचं. टण्ण करून सरळ निळी रेघ उठते. एक टोक मी धरलं, दुसरं गोदानं. दारासमोर शून्य आलं आणि वीस बरोबर पायऱ्यांपाशी.

रंग वाळल्यावर लेकरं तिच्यावर तुटून पडली. तरी उत्तरं चुकायची. चारावर उभं राहिलं की जागेवरच "एक" म्हणायचं आणि मग उडी मारायची. म्हणजे उत्तर एकानं कमी. हे सगळीच लेकरं करतात, असं मॅडम म्हणाल्या. त्यांनी नियम केला, फरशीवरून पाय सुटला की बाकीच्यांनी टाळी वाजवायची. उभं राहायला टाळी नाही. त्या आठवड्यात ओसरीत नुसता टाळ्यांचा आवाज. गोदा याआधी बोटांवर बेरीज करायची. दहा बोटं संपली की गप्प व्हायची. आता ती गप्प होईना.

मला भिंतींचं काम अजून बाकी होतं. ते संपलं तरी मी जात राहिलो. कधी खिडकीच्या पेरूला हिरवा हात दे, कधी काही. गोदा मला बघून लांबूनच ओरडायची, "पेंटरबाबा, आकडा सांगा!" मी सांगायचो सात. ती म्हणायची, "अजून एक सांगा!" मी सांगायचो सहा. ती उड्या मारून तेरावर उभी राहायची आणि कमरेवर हात ठेवायची. शिपायानं विचारलं तर मी म्हणायचो, "रंग कसा बसलाय ते बघायला आलोय."

पोळा झाल्यावर मॅडमनी आईबापांना शाळेत बोलावलं. गोदाचा बाप नामदेव आला होता. तो आणि त्याची बायको दरसाल ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळीबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून खाली कोल्हापूरकडं, आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत. आदल्या साली गोदा इथंच आजीपाशी राहिली होती, अंगणवाडीत जायची. यंदाही तसंच ठरलेलं होतं.

मॅडमनी आकडे दिले, गोदानं उत्तरं दिली. नामदेव खांबाला टेकून बघत होता. मग मधेच म्हणाला, "मी इचारू का?"

"विचारा की."

"गोदे, मी नऊ मोळ्या बांधल्या. तुझ्या मायनं सात. किती झाल्या?"

मोळी म्हणजे तोडलेल्या उसाचा बांधलेला भारा. गोदा नवावर जाऊन उभी राहिली. सात उड्या, सात टाळ्या.

"सोळा!"

नामदेवनं बोटांवर मोजून बघितलं. जमेना. परत मोजलं. मग एकदम हसला. मी त्या माणसाला तोवर हसताना बघितलं नव्हतं. "बरोबर हाय वो, मॅडम! मपल्या पोरीला हिशोब येतोय!" त्यानं तिला खांद्यावर उचलून घेतलं. मी शेजारच्याला सांगितलं, "रेघ माझी हाय."

दसरा तोंडावर आला तेव्हा मॅडम मला ओसरीतच भेटल्या. चेहरा उतरलेला.

"मामा, गोदाला घेऊन चाललेत."

"कुठं?"

"तोडीला. आजी इथंच आहे, तरी घेऊन चाललेत. मी दोनदा घरी जाऊन आले. तुमचं ऐकतील का बघा."

मी तसाच निघालो. नामदेव अंगणात कोयत्याला धार लावत होता. पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवलेली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती.

"नामदेव, पोरीला कामून न्यायलास?"

त्यानं धार थांबवली नाही. "बसा, बाबा."

"बसायला आलो न्हाई. शाळा बुडती तिची."

"शाळेत काय शिकवत्यात? बेरीज. ती तर आली तिला. तुमीच शिकवली की."

"बेरीज म्हंजी शाळा व्हय रे? अजून लय बाकी हाय."

आता त्यानं कोयता खाली ठेवला. "बाबा, ऐका. टोळीत कुणी किती मोळ्या टाकल्या ते मुकादमाचा माणूस सांगतो. तो बोलला की आमी मान हलवायची. बरोबर हाय का गल्लत हाय, आमाला काय कळतंय? मपल्या बापानं मान हलवली. मी हलवायलो. औंदा मपली पोरगी शेजारी उभी राहून मोजील. तो चुकला तर म्हनील, न्हाई, सोळा हाय. एवढंच."

म्हातारी म्हणाली, "ठेव की रं तिला मपल्यापाशी. बारकी हाय अजून."

"आई, तू गप."

मी डोकं चालवलं. "नामदेव, तिला विसापर्यंतच येतंय. मोळ्या काय वीस व्हत्यात का? तिथं तिचा काय उपेग?"

तो लगेच म्हणाला, "मग पुढची रेघ काढा की. अजून चार दिवस हायती. शंभरापर्यंत काढा."

"न्हाई काढणार," मी म्हणालो.

"कामून?"

"मी ती शाळेसाठी काढली. फडासाठी न्हाई."

फड म्हणजे तोड चालू असलेलं उसाचं रान. नामदेव माझ्याकडं बघत राहिला. त्याला राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. "तुमी लिवणारी माणसं," तो म्हणाला. तिसरी शिकलेल्या मला आयुष्यात असं पहिल्यांदा कोणी म्हणालं. मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर मॅडम गोदाला घेऊन वेगळ्या बसलेल्या. समोर तुऱ्हाट्यांच्या बारीक काड्या. दहा-दहाच्या जुड्या रबरानं बांधलेल्या. दोन जुड्या आणि तीन सुट्या, तेवीस. तीन जुड्या आणि पाच सुट्या, पस्तीस. पोरगी भराभर सांगत होती.

ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी मॅडमना म्हणालो, "तुमीच तिला वाटेला लावायलाव."

"मामा, ती जाणारच आहे. तिथं मोजताना चुकली तर मुकादमाचा माणूस हसेल आणि बाप तिच्यावर हात उचलेल. चुकू नये म्हणून शिकवतेय."

"शिकवू नका. येत न्हाई म्हटल्यावर ठेवून जाईल तिला."

मॅडमनी काड्या गोळा केल्या. बराच वेळ जुडीला रबर लावत राहिल्या. ते लागेना. मग म्हणाल्या, "येत असताना येत नाही असं तिला सांगू? माझ्याच्यानं नाही व्हायचं." त्यांचे डोळे भरले होते. मी दुसरीकडं बघितलं.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ओसरीत होतो. बाकीची लेकरं गेली. गोदा शून्यावर उभी राहिली आणि एक एक उडी मारत विसापर्यंत आली. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

"पेंटरबाबा, विसाच्या पुढं काय हाय?"

"पायऱ्या."

"अन् पायऱ्यांच्या पुढं?"

"रस्ता."

"मी ट्रॅक्टरमदी बसणार हाय," ती म्हणाली. तिला आनंद झाला होता. आईबापाबरोबर जायला मिळणार म्हणून. आदल्या साली ती मागं राहून रडली होती, असं आजीनं नंतर सांगितलं. हे आम्ही कोणी धरलंच नव्हतं.

ती मागं वळली आणि उलट्या उड्या मारत शून्यावर गेली. मॅडमचा नियम होता, खेळ संपला की शून्यावर परत यायचं आणि मगच दप्तर उचलायचं. तिनं दप्तर उचललं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर निघाला. मागच्या ट्रॉलीवरचं नाव मीच कधीतरी रंगवलेलं होतं. ट्रॉलीत पेट्या, पातेली, राहायच्या कोप्या बांधायचे बांबू, आणि सगळ्यांच्या वर माणसं. नामदेवनं मला बघून हात उचलला. मीही उचलला. गोदा बांबूंच्या पलीकडं होती, मला फक्त तिची वेणी दिसली.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाडव्याला टोळी परत आली. नामदेव वाडीत सगळ्यांना सांगत होता, औंदा मुकादमाच्या माणसाला पोरीनं तीनदा पकडलं. टोळीतली माणसं तिला मुनीम म्हणायला लागली होती. दुसऱ्या कुटुंबांच्या मोळ्याही तीच मोजायची. खोटं कशाला बोलू, ऐकून माझी छाती फुगली होती. मग पुढच्या साली टोळीनंच म्हटलं, मुनीम पाहिजे. त्याच्या पुढच्या सालीही. मधल्या महिन्यांत ती शाळेत येते, पण मोठ्या लेकरांत तिला वाचता येत नाही आणि लहानांत बसायची लाज वाटते. खांबावरचे पाढे दोनाच्या पुढं येत नाहीत. बेरीज मात्र तोंडावर.

परत आल्यावर एकदा ती रेघेवर उभी राहिली होती. उंची वाढली होती. उडी मारली तर एक ओलांडून दोनाच्या अलीकडं पडली. ती रेघ तिच्याच पायाच्या मापाची होती, आता तिलाच बसत नव्हती. खाली बघून ती हसली. "बाबा, मी परत मधीच हाय."

मॅडमची बदली झाली. जाताना मला म्हणाल्या, दुसऱ्या शाळेतही रेघ काढायला या. मी गेलो. त्यानंतर बऱ्याच शाळांत काढल्या. नव्या पेंटरांना माझं सांगणं एवढंच. अंतर सारखं ठेवा, सगळ्यात लहान लेकराच्या उडीनं मोजा, शून्य विसरू नका. रेघेवर शिकलेलं लेकरू तिथून कुठं जाईल ते आपल्या हातात नसतं. त्याची मजुरी कोणी देत नाही आणि कापतही नाही.

आता गोदा पहिल्यांदा टोळीबरोबर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगतो आणि थांबतो.

मी घंटेच्या आधी शाळेत गेलो. रेघ बघितली. वीस कोरं करकरीत होतं, पंधरा-सोळा चांगले होते. शून्य मात्र पार झिजलं होतं, खालची फरशी दिसत होती. बाकीच्या आकड्यांवर लेकरं कधी उभी राहतात, कधी नाही. शून्यावर सगळीच येतात. मी डबा उघडला, ब्रश थिनरमधून काढून पुसला आणि शून्याला नवा हात दिला. कोणी पाय ठेवू नये म्हणून चारी बाजूंनी विटा ठेवल्या.

लेकरं आली. एक पोरगा म्हणाला, "पेंटरबाबा, मग आता सुरू कुठून करायचं?"

मी म्हणालो, "आज सुरू करू नका. ओलं हाय."